बारा मिनिटं छप्पन्न सेकंद

एकोणीस जणांनी शर्यत पूर्ण केली, त्यांत मी एकोणिसावा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचली होती आणि चहाच्या गाड्यावर त्यावर बोलूनही झालंय. लिहायचं कारण वेगळं आहे. चाळिशी ओलांडलेल्या, बेताचं कसब असलेल्या माणसानं मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचं ठरवलं तर काय काय करावं लागतं, कुठं अडतं, किती पैसे जातात, हे मला कुणी मराठीत सांगितलं नव्हतं. शेवटी आलेल्याचं नाव निकालाच्या कागदावर यावं म्हणून काय करावं लागतं, तेही नाही.

शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक म्हातारं ड्रिल. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग करून देतो. २०२३ च्या डिसेंबरात एका ऑर्डरीसाठी रात्रपाळी चालू होती आणि जॉब फिरत असताना मी मोबाइलवर आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) या मोटरसायकल शर्यतीचे व्हिडिओ बघत बसायचो. १९०७ पासून चालत आलेली ही शर्यत. १९११ पासून ती डोंगरावरून जाणाऱ्या ज्या मोठ्या मार्गावर होते, त्याचा एक फेरा साधारण साठ किलोमीटरचा. रोजच्या वापराचे रस्ते, कडेला दगडी भिंती, घरं, खांब. आजवर अडीचशेच्या वर लोक त्या मार्गावर जिवानिशी गेलेत, त्यामुळे 'मजा' हा शब्द मी तिथं वापरणार नाही.

मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिथं सगळे एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेक स्वार सोडतात, म्हणजे प्रत्येकाची लढत घड्याळाशी. आणि बक्षिसाची रीत अशी, की विजेत्याच्या वेळेच्या १०५ टक्क्यांच्या आत जो येईल त्याला चांदीची रेप्लिका, ११० टक्क्यांच्या आत येईल त्याला ब्राँझची. रेप्लिका म्हणजे मूळ करंडकाची छोटी प्रतिकृती. असे कितीही जण असोत. सिनियर टीटी, म्हणजे त्यातली मानाची शर्यत, सहा फेऱ्यांची; जिंकणाऱ्याला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे त्याच्यानंतर दहा मिनिटांनी पोचलेला, नंबरात कुठंतरी पंचविसावा-तिसावा असलेला, गॅरेज चालवणारा माणूससुद्धा हक्कानं ब्राँझ घेऊन घरी जातो.

आता आपल्याकडची रीत बघा. माझ्या आईनं कपाटात जपून ठेवलेली माझी तीन प्रमाणपत्रं आहेत: चित्रकला, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन. तिन्हींवर 'उत्तेजनार्थ'. कशासाठी मिळाली ते मला आजही माहीत नाही. परीक्षकांना पोराचं तोंड बघून वाईट वाटलं असेल, किंवा छापलेली प्रमाणपत्रं उरली असतील. ११० टक्क्यांत दयामाया नाही. आत आलास तर तुझं, पाव सेकंदानं बाहेर राहिलास तर नाही. मायक्रोमीटरवर जॉब मोजणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. टॉलरन्समध्ये आहे की नाही, एवढाच प्रश्न.

नव्या वर्षात भाच्याला म्हणालो, "मला एकदा घड्याळ लावून मोजून घ्यायचंय." तो म्हणाला, "मामा, आधी वजन मोजून घ्या."

गाडी फेब्रुवारीत घेतली. २०० सीसीची, सातव्या वर्षातली, ६२,००० रुपयांना. रेससाठी गाडी घेताना कागदपत्रांपेक्षा फ्रेम बघा. आमच्या मेस्त्रींनी हँडलच्या बेअरिंगपाशी दोरा लावून फ्रेम सरळ असल्याची खात्री केली, मगच पैसे दिले. रंग, टाकीवरचे पोचे, फाटकी सीट, यांच्याकडे दुर्लक्ष करा. त्यावरून भाव पाडता येतो तेवढा पाडा.

भारतात ट्रॅकवरची शर्यत करायची तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. आरटीओचं लायसन्स इथं चालत नाही. आणि नवख्याला त्याआधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण करावं लागतं. ते मी एप्रिलमध्ये केलं. मिरजेला जाऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली, बंगळूरला उतरून पुढं बस. दोन दिवसांचं प्रशिक्षण, गाडी त्यांची, सूट भाड्याचा. राहणं-जेवण-प्रवास धरून १९,५०० रुपये. आम्ही चौदा जण होतो, त्यांतले अकरा पंचविशीच्या आतले.

पहिल्या दिवशी सकाळीच कळलं की वीस वर्षं गाडी चालवून मी चुकीच्या सवयीच पक्क्या केल्यात. ट्रॅकच्या गाडीला आरसे नसतात. माझी नजर दर पाच सेकंदांनी, आरसा असायचा तिथं जायची. प्रशिक्षक म्हणाले, मागचं मागच्याला बघू दे, तू वळणाच्या शेवटाकडं बघ. हे एक वाक्य अंगवळणी पडायला मला दोन्ही दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की बसच्या पायऱ्या बाजूनं चढलो.

लायसन्सचा ऑनलाइन अर्ज ३ जूनला भरायला घेतला. फोटो, वयाचा दाखला, रक्तगट, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, ईसीजी काढायला लावला, डोळे तपासायला पाठवलं आणि सगळं ठीक निघाल्यावर म्हणाले, "रेस करा, पण रविवारचा तांबडा-पांढरा जरा आवरा." दाखल्यावर सही-शिक्का झाला. तो अपलोड केल्यावर दोन आठवड्यांनी अर्ज परत: शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नीट उमटला नव्हता. चूक माझीच. स्कॅन करताना बघायला हवं होतं.

परत दवाखान्यात जाईन म्हणेपर्यंत जुलै संपत आला आणि पाऊस काय म्हणत होता ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी, डॉक्टर नातेवाइकांचं सामान वरच्या मजल्यावर हलवण्यात गुंतलेले. त्या आठवड्यात मोटरसायकलच्या शर्यतीचा दाखला मागायला माझीही जीभ रेटली नाही. पाणी ओसरल्यावर गेलो, नवा दाखला घेतला, नोंदणी क्रमांक शिक्क्याखाली पेनानंही लिहून घेतला. ९ ऑगस्टला लायसन्स आलं. तुम्ही करणार असाल तर शर्यतीच्या आधी किमान तीन महिने अर्ज टाका, आणि प्रत्येक कागद मोबाइलवर मोठा करून, अक्षर न् अक्षर वाचूनच वर चढवा.

दरम्यान गाडी. रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणजे आधी काढत जायचं: हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, स्टँड, मागची नंबर प्लेट, साडी गार्ड (हो, होतं). मग लावत जायचं. इंजिनखाली फायबरचा बेली पॅन, म्हणजे इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर न सांडता त्यात साठावं. मागच्या स्प्रॉकेटपाशी बोट किंवा बूट अडकू नये म्हणून एक पातं लावतात, त्याला शार्क फिन म्हणतात. ते मी नायलॉनच्या पट्टीतून कापलं. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागचे चौघं पडतात. आणि लॉक वायर. ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टरचं झाकण, जे जे ढिलं होऊन ऑइल सांडू शकतं त्या प्रत्येक बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि पीळ देऊन बांधायची. तार अशी ओढलेली हवी, की बोल्ट सुटायला लागला तर तीच त्याला आवळेल. लेथवर आयुष्य गेलेल्या मी या भोकांपायी नऊ ड्रिल बिट मोडले. हायटेन्साइल बोल्ट, वर डोकं षटकोनी; पंच मारल्याशिवाय ड्रिल लावलं की घसरलंच. मेस्त्री बाजूला उभं राहून नुसते हसत होते. एकूण कामाचे १४,३०० गेले. टायर ११,८००.

हेल्मेटला मी हात आखडला नाही, २२,०००. सूट, बूट, ग्लोव्हज मात्र एका पोराकडून जुने घेतले, २४,००० ला सगळं. जुना लेदर सूट घेताना शिवणी आतून उलटून बघा. बाहेरून चकाचक असलेला सूट आतून उसवलेला असतो.

कोणत्या ट्रॅकवर कोणती शर्यत होती ते सांगणार नाही. पुढं जे घडलं त्यासाठी कुणाला बोल लावायचा नाही. दक्षिणेत दोन जुने ट्रॅक आहेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आणि कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे, हे जाणकारांना माहीतच आहे. नवख्यांचा गट, २०० सीसीपर्यंतच्या गाड्या, आठ लॅपची, म्हणजे आठ फेऱ्यांची शर्यत. नियमपुस्तिका इंग्रजीत, बेचाळीस पानी. भाच्यानं त्यातली तीन कलमं हायलाइट करून मला पाठ करायला लावली. एक, पोल पोझिशनच्या, म्हणजे पात्रतेच्या सत्रांतल्या सगळ्यात वेगवान, वेळेच्या १२० टक्क्यांत लॅप मारली तरच शर्यतीला पात्र. दोन, विजेत्याच्या लॅपच्या किमान ७५ टक्के लॅप केल्या आणि त्याच्यानंतर पाच मिनिटांत रेषा ओलांडली तरच निकालात नंबर. नाहीतर नावापुढं नुसतं 'एनसी', म्हणजे नॉट क्लासिफाइड. तीन, तात्पुरता निकाल लागल्यापासून तीस मिनिटांत लेखी हरकत.

तिसरं कलम मी हसण्यावारी नेलं होतं. हरकत घेण्याइतका पुढं मी कुठं येणार?

गणपती विसर्जन १७ सप्टेंबरला झालं आणि १९ ला पहाटे चारला पिकअपमध्ये गाडी बांधून मी, भाचा आणि मेस्त्री निघालो. निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर. पिकअपचं जाऊन-येऊन भाडं ३१,०००. घरातून निघताना बायकोनं डबा दिला आणि एवढंच म्हणाली, "अहो, पुढं कुणाला जायचं असेल तर जाऊ द्या." आई देव्हाऱ्यापुढं बसली होती, उठली नाही.

२० तारखेला स्क्रूटिनी. गाडी ढकलत रांगेत उभं राहायचं. तपासनिसानं प्रत्येक तार बोटानं ओढून बघितली, रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात बोट घालून चोळलं, सूटची चेन, हेल्मेटचा पट्टा, पाठीचा प्रोटेक्टर. ब्रेक लिव्हरला गार्ड नव्हता. तो स्टॉलवरून विकत आणून लावला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. दोन तास वीस मिनिटं. मग टाकीवर स्टिकर लागला. त्याच दिवशी ट्रान्सपाँडर दिला: काडेपेटीएवढा डबा, गाडीवर लावायचा, रेषेखालच्या तारेवरून गाडी गेली की लॅप आपोआप नोंदली जाते. तो मी स्वतः बसवला. माझ्या हुशारीनं, माझ्या हातच्या तीन मिलिमीटर जाड लोखंडी ब्रॅकेटला, दोन केबल टाय मारून, भक्कम.

शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रतेची सत्रं. पहिल्या सत्रात माझी वेळ १:४२.६. पोलवाल्याची १:२४.१, म्हणजे १२० टक्क्यांची मर्यादा १:४०.९. मी बाहेर. दुपारी जेवण गेलं नाही. मेस्त्रींनी मागच्या टायरमधली हवा थोडी कमी केली आणि म्हणाले, "गाडी बरोबर हाय. तुम्हीच शेवटच्या वळणाला लवकर ब्रेक मारताय, मी आवाज ऐकतोय न्हवं." दुसऱ्या सत्रात दात-ओठ खाऊन ब्रेक उशिरा मारला. १:३८.९. बावीस जणांत बाविसावा, पण आत. रात्री लॉजवर भाच्यानं घरी फोन लावून सांगितलं, "मामा पास झाले." पास हाच शब्द वापरला त्यानं.

रविवार, २२ सप्टेंबर. दुपारी अडीचला आमची शर्यत. ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या जागेवर, उभं राहिल्यावर काय वाटतं, याबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं. माझ्या डोक्यात फक्त हेल्मेटच्या काचेवर अडकलेली एक माशी होती. दिवे विझले, समोरचे एकवीस जण निघून गेले आणि पहिल्या वळणात दोघं एकमेकांत अडकून पडले. बाजूनं जाताना मी बघू नये म्हणून मान मुद्दाम दुसरीकडं केली. दोघंही उठून चालत होते, हे नंतर कळलं. चौथ्या लॅपला आणखी एकाची चेन तुटली. त्यानंतर माझ्यापुढं कुणी दिसेना. एकट्यानं गाडी हाकणं हे घोळक्यात हाकण्यापेक्षा अवघड. आपण हळू आहोत की बरोबर आहोत, हे सांगायला कुणीच नसतं. दर लॅपला पिटच्या भिंतीवरून भाचा पाटी दाखवायचा, किती लॅप उरल्या तेवढाच आकडा. तीन. दोन.

सातव्या लॅपच्या शेवटच्या वळणाआधी निळा झेंडा दिसला. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तुझी रेघ सोडू नकोस, त्याला जाऊ दे. मागून येणारा विजेता होता, त्याच्या आठव्या लॅपवर. नियम मला पाठ होता: विजेत्याला चेकर्ड, म्हणजे शर्यत संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा, झेंडा दाखवला की त्याच्यामागं जो जो रेषा ओलांडेल त्याची शर्यत तिथंच संपते, लॅप कितीही झालेल्या असोत. म्हणजे मी गाडी जराशी सैल सोडली असती, रेषेआधी तो पुढं गेला असता, तर मलाही झेंडा मिळाला असता. एक लॅप कमी, पण निकालात नंबर पक्का; ७५ टक्के तर कधीच झाले होते. आणि हात इतके भरून आले होते की क्लच दोन बोटांनी ओढवत नव्हता.

मी रेघ सोडली नाही आणि थ्रॉटलही सोडला नाही. एक सेकंदानं आधी रेषा ओलांडली. माझ्यासाठी झेंडा नव्हता, तो माझ्या पाठीमागं फडकला. लगेच विजेता डावीकडून सुसाट गेला, एक हात वर करून, गाडीवर उभा राहत. आणि मला अजून एक अख्खी लॅप करायची होती.

त्या सत्त्याण्णव सेकंदांबद्दल मला नीट सांगता येत नाही. पुढचे सगळे शर्यत संपवून सावकाश फिरत होते, हात हलवत होते. मी त्यांच्यातून ब्रेक मारत, वाकत चाललो होतो. तीन ठिकाणच्या मार्शलनी भिंतीआडून बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या. खासबागेत एखादा गडी ताकदीनं दुप्पट असलेल्या पैलवानाखाली निपचित पडून वीस मिनिटं पाठ लावू देत नाही, तेव्हा वरच्या पायऱ्यांवरून जशा वाजतात, तशा. शेवटच्या सरळ पट्ट्यावर आलो तर झेंडेवाल्यानं झेंडा काठीला गुंडाळून काखेत घेतला होता. कुणीतरी ओरडलं असावं. त्यानं वळून बघितलं, घाईघाईनं झेंडा उलगडला आणि दोन्ही हातांनी हलवला.

पिटमध्ये आलो तेव्हा मेस्त्रींनी गाडी धरली म्हणून उभा राहिलो.

तीन चाळीसला भिंतीवर निकाल लागला. भाचा बघून आला आणि त्याचा चेहरा उतरलेला. अठरा नावं, मग खाली एक रेघ, रेघेखाली चौघं. त्यांत ६४ नंबर, मी: लॅप पाच, एनसी. आठच्या ७५ टक्के म्हणजे सहा, आणि यंत्राच्या मते मी पाचच केल्या होत्या.

टायमिंगच्या खिडकीवर गेलो. आतला माणूस थकलेला होता, सकाळपासूनची सातवी शर्यत. स्क्रीनकडं बोट करून म्हणाला, सिस्टिममध्ये पाच आहेत. मी म्हणालो, आठ केल्यात, झेंडा घेतलाय. तो म्हणाला, सिस्टिममध्ये नाही. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवणार होतो, तेवढ्यात भाच्यानं मला मागं ओढलं आणि विचारलं, "सर, हरकतीचा फॉर्म कुठं मिळेल?" हे मात्र लक्षात ठेवा: खिडकीवर वाद घातल्यानं काही होत नाही, आणि वाद घालण्यात तीस मिनिटं जातात. आमची अकरा गेली होती.

फॉर्म एका पानाचा. कोणत्या कलमाखाली, कशाविरुद्ध, पुरावा काय. फी ५,००० रोख, हरकत मान्य झाली तर परत. माझ्या खिशात ३,२०० होते, मोबाइलला रेंज नाही. अठराव्या नंबरवर आलेला पोरगा शेजारीच हेल्मेट पुसत होता. सेलमचा, हिंदी बेताची. त्यानं काही न विचारता दोन हजार काढून दिले. म्हटलं तर माझं नाव रेघेवर गेलं की तो शेवटून पहिला न राहता दुसरा होणार होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. चार वाजून तीन मिनिटांनी फॉर्म दिला. सात मिनिटं उरली होती.

पुरावा म्हणून आमच्याकडं भाच्याची पाटी आणि स्टॉपवॉच. आपल्या माणसाचं घड्याळ कोण मानणार? पण तिथल्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती: यंत्र असलं तरी टायमिंगच्या खोलीत एक माणूस कागदावरही लॅप लिहीत असतो. लॅप चार्ट. त्यांनी तो मागवला. रेघा मारलेली लांबलचक वही घेऊन एक वयस्कर बाई आल्या, नाकावर चष्मा, कानामागं पेन्सिल. प्रत्येक लॅपच्या रकान्यात ज्या क्रमानं गाड्या गेल्या त्या क्रमानं नंबर. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: सहाव्या रकान्यात शेवटी ६४. सातव्यात ६४. आठव्यात सगळ्यांच्या खाली, एकटाच, ६४, आणि पुढं हातानं लिहिलेली वेळ. इंग्रजीत म्हणाल्या, मी याच्यासाठी पेन्सिल खाली ठेवली नव्हती.

मग गाडी बघितली. पाचव्या लॅपनंतर कधीतरी एक केबल टाय तुटला होता आणि ट्रान्सपाँडर फिरून माझ्या त्या भक्कम लोखंडी ब्रॅकेटच्या बरोबर मागं गेला होता. लोखंड मध्ये आलं की सिग्नल जमिनीतल्या तारेपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे यंत्रानं खोटं काही सांगितलेलं नव्हतं. खिडकीवरच्या माणसाकडं जाऊन मी तसं बोललो. त्यानं फक्त मान हलवली. ट्रान्सपाँडर खाली, उभा, त्याच्या आणि ट्रॅकच्या मध्ये धातू येणार नाही असा बसवा. त्यांनी दिलेला प्लॅस्टिकचा क्लिप वापरा. आपली कारागिरी दाखवायची ती जागा नव्हे.

चार पन्नासला नवा कागद लागला. १९ – ६४ – ८ लॅप – १२:५६.३. पाच हजार परत मिळाले, दोन हजार सेलमला.

विजेत्याची वेळ ११:२०.४. मी तिथंच उभं राहून मोबाइलवर भागाकार केला: ११४.१ टक्के. टीटीचा हिशेब लावला तर ब्राँझ १२:२८.४ पर्यंत. मी २७.९ सेकंदांनी बाहेर.

परतीच्या वाटेवर तुमकूरच्या पुढं ढाब्यावर भाचा सांगत होता की १९४९ ला मोटरसायकलची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या पाचांनाच नंबराचे गुण मिळायचे, आता पंधराव्यालाही एक मिळतो. आणि २०१५ ला सी. एस. संतोष डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तो छत्तिसावा आला होता. मला बरं वाटावं म्हणून चाललं होतं ते. मेस्त्री भात कालवत म्हणाले, "त्यो छत्तिसावा जगात. ह्ये एकोणिसावं एकोणिसात." आम्ही तिघंही इतके हसलो की पिकअपवाला उठून आला.

एकूण खर्च २,०५,००० रुपये. वर सांगितलेले आकडे मिळवून बघाल तर लायसन्स, तपासणी आणि प्रवेश फीचे ११,४०० आणि तिथल्या राहण्या-खाण्याचे ९,००० त्यात धरा.

एक काम राहिलं होतं. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांना आधीच छापून ठेवलेलं एक प्रमाणपत्र वाटलं होतं, त्यावर 'सहभाग'. पडलेल्या दोघांनाही तेच, चेन तुटलेल्यालाही तेच. त्यांचा अपमान करायचा नाही, पण माझा कागद वेगळा हवा होता. १ ऑक्टोबरला ईमेल केला: क्रमांक, लॅप आणि वेळ असलेलं प्रमाणपत्र मिळावं. १४ ला उत्तर आलं की असं पहिल्या तिघांनाच देतात. मी सुधारित निकालाचा फोटो जोडून परत लिहिलं, तीन ओळी, नम्रपणे. करंडक मागत नाही, फक्त जे घडलं ते लिहून द्या. दिवाळीनंतर, ६ नोव्हेंबरला आलं. आडनाव चुकलेलं. २० नोव्हेंबरला बरोबर करून आलं. बायकोनं लॅमिनेट करून आणलं आणि आईनं ते कपाटात त्या तीन प्रमाणपत्रांबरोबर न ठेवता बाहेर भिंतीला लावायला सांगितलं. ११४.१ टक्के म्हणजे काय, हे तिला मी दोनदा समजावलं. "म्हणजे शंभरापेक्षा जास्त," असं ती शेजारणीला सांगते.

फेब्रुवारीत आमच्या ओळखीच्या पंधरा-सोळा जणांनी मिळून एका मोकळ्या खासगी ट्रॅकवर एक सकाळ घेतली. एकेकानं सुटायचं, तीन फेऱ्या, स्टॉपवॉचवर. मी म्हणालो, नंबर वगैरे ठेवूया, पण ११० टक्क्यांच्या आतल्या प्रत्येकाला काहीतरी देऊया. शेजारच्या फाउंड्रीतून गनमेटलचा उरलेला बार आणला. लेथवर बारा चकत्या पार्ट केल्या, फेसिंग केलं, मेस्त्रींनी प्रत्येकीवर पंचनं '११०' ठोकलं. वहीत वेळा लिहायला भाच्याची बायको बसली; शेवटचा येईपर्यंत उठायचं नाही, एवढं तिला सांगितलं होतं.

सात जण आत आले. चकत्या वाटून झाल्यावर माझी वेळ काढली, ११२.६ निघाले. उरलेल्या पाच चकत्या लेथच्या ड्रॉवरमध्ये आहेत, ऑइलच्या फडक्यात गुंडाळून, काळ्या पडू नयेत म्हणून.